नागपूरचे ताजुद्दीनबाबा : एका माळकऱ्याच्या शंकेच्या निमित्ताने

भाविक वाचकहो, विदर्भातील वारकऱ्यांना धापेवाडा निराळा सांगावयास नको. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वर तालुक्यात आपल्याकडच्या चंद्रभागेच्या काठी श्रीकोलबास्वामींचे हे स्थान. आषाढीला पंढरीत उभा असलेला पांडुरंग वारी आटोपली म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास इकडे येतो, अशी आपल्या मंडळींची श्रद्धा. तिथल्या एका यात्रेत कीर्तन संपल्यावर आम्ही पारावर टेकलो होतो. इतक्यात उमरेडकडचे एक माळकरी जवळ येऊन बसले. शेतकरी माणूस, गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का. बराच वेळ घुटमळले आणि मग मनातली शंका त्यांनी बोलून दाखविली.

त्यांची म्हातारी माय दरसाल नागपूरला ताजबागेत ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्याला जाते. माळ तिच्याही गळ्यात आहे, एकादशी तिने कधी मोडलेली नाही, हरिपाठ तोंडपाठ. मुलगा तिला घेऊन जातो, पण स्वतः आत जात नाही. चपला राखीत बाहेर उभा राहतो. आतला अल्ला आणि आपला पांडुरंग एक की दोन, हा त्यांचा प्रश्न. एक असेल तर आपला पाय उंबऱ्यावर का अडतो? दोन असतील तर मायच्या एवढ्या एकादश्या वाया गेल्या काय?

वाचकहो, देव एकच हो, असे सांगून मोकळे होणे आम्हांला सोपे होते. व्यासपीठावरून आम्ही ते कितीदा सांगितले असेल! पण त्या गृहस्थाचा चेहरा पाहून ते शब्द ओठांतच राहिले. त्याला सुभाषित नको होते, पाय उचलावा की नाही एवढेच हवे होते. म्हणून आम्ही त्याला आधी ज्यांचा तो दर्गा त्या बाबांचे चरित्र सांगितले. तेच येथे विस्ताराने देत आहो.

नागपूरच्या उत्तरेस कन्हान नदीच्या काठी कामठी हे गाव आहे. इंग्रजांनी १८२१ साली तिथे छावणी वसविली. त्या छावणीच्या गावात २७ जानेवारी १८६१ रोजी सय्यद ताजुद्दीन यांचा जन्म झाला. वडील सय्यद बदरुद्दीन फौजेत होते, आईचे नाव मरियमबी. मूल वर्षाचे होते न होते तोच वडील गेले आणि नवव्या वर्षी आईही गेली. मग आईच्या आईने आणि मामा अब्दुल रहमान यांनी त्यांना वाढविले. पोरके लेकरू आजीच्या पदराखाली मोठे झाले.

कामठीच्या मदरशात ते अरबी, फारसी, उर्दू शिकले. इंग्रजीचीही ओळख झाली. अब्दुल्लाशहा नावाचे एक फकीर एकदा मदरशात आले. हे मूल पूर्वजन्मीचे शिकूनच आले आहे, याला निराळे काय शिकविणार, अशा अर्थाचे काही ते गुरुजींना बोलले आणि आपल्या तोंडातला खाऊ त्यांनी मुलाच्या तोंडी घातला, असे सांगतात. त्या दिवसापासून मुलाची वृत्ती पालटली. पूर्वजन्म हा आपल्याकडचा शब्द, मुसलमान धर्माला तो मान्य नाही. सांगणाऱ्या हिंदू मंडळींनी तो आपल्या पदरचा घातला असावा. आम्ही तो मुद्दाम तसाच ठेवला आहे. एका धर्माची गोष्ट दुसऱ्याच्या घरी गेली म्हणजे ती त्या घरचे कपडे अंगावर घालते, हे ध्यानात यावे एवढ्यासाठीच.

पुढे कन्हानेला मोठा पूर आला आणि घरदार, चीजवस्तू त्यात गेली. घरात दाणा नाही अशी वेळ आली. तेव्हा १८८१ च्या सुमारास, विशीच्या आसपास, ताजुद्दीन फौजेत शिपाई झाले. त्यांची पलटण सागरला गेली. सागर हल्ली मध्य प्रदेशात आहे. तिथे दाऊद मक्की या पिराची मजार होती. दिवसभर पहारा, कवायत करावी आणि रात्र पडली की एकट्याने त्या मजारीजवळ जाऊन ध्यानाला बसावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

बातमी कामठीला आजीच्या कानावर गेली. जवान नातू रात्री बाहेर असतो म्हटल्यावर आजीच्या मनात काय येणार? ती सागरला आली आणि एके रात्री तिने त्यांचा माग काढला. पाहते तो नातू पिराच्या थडग्याशी डोळे मिटून बसलेला. म्हातारी डोळे पुसत परत फिरली. अशी दुसरीही एक गोष्ट सांगतात. साहेब रात्री तपासणीला निघाला तेव्हा ताजुद्दीन पहाऱ्यावर बंदूक घेऊन उभे होते आणि पुढे मशिदीवरून गेला तर तेच आत नमाज पढत होते. साहेबाने बोलाविले, तेव्हा दोन मालकांची चाकरी होत नाही असे सांगून त्यांनी वर्दी उतरवून ठेवली. चमत्कार कुणी मानावा, कुणी न मानावा. आम्हां वारकऱ्यांना दामाजीपंतांची कथा ठाऊक असल्यामुळे अशा गोष्टीचे नवल वाटत नाही. नोकरी मात्र सुटली, हे खरे.

कामठीला परत आल्यावर देहभान राहिले नाही. कपड्यांची शुद्ध नाही, भुकेची नाही. रस्त्याने हिंडावे, मनास येईल ते बोलावे. लोकांनी वेडा ठरविले. पोरे दगड मारीत. मारलेले दगड ते गोळा करीत आणि दगड मारणाऱ्या पोरांना कुणी दटावले तर त्यालाच रागावत. शेवटी गोऱ्या लोकांच्या क्लबाजवळ ते विवस्त्र स्थितीत गेले म्हणून तक्रार झाली आणि २६ ऑगस्ट १८९२ रोजी सरकारने त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकले. लोक त्याला सरळ पागलखानाच म्हणत.

देहूच्या वाण्यालाही वेडा म्हणणारे लोक होते. पैठणला गोदेचे स्नान करून येणाऱ्या नाथांवर पुनःपुन्हा थुंकणारा एक यवन होता आणि तो थुंकला तितक्या वेळा नाथ पुन्हा गोदेत उतरले, ही कथा तुम्ही कीर्तनांत ऐकली आहे. आपण ती ऐकतो तेव्हा मनात यवन थुंकणारा असतो आणि संत आपला असतो. कामठीच्या रस्त्यावर संत मुसलमान होता आणि दगड मारणारी पोरे दोन्हीकडची होती. शांती मात्र तीच. पैठणची शांती ओळखणाऱ्याला कामठीची ओळखता येऊ नये काय?

पागलखान्यात बाबा सोळा वर्षे होते. कैद ती कैदच. पण हळूहळू उलटेच झाले. जे पाहावयास येत ते पायां पडून जाऊ लागले. आजारी, कर्जबाजारी, निपुत्रिक, कोर्टात अडकलेले, सगळ्या जातींचे लोक पागलखान्याच्या दाराशी जमू लागले. इस्पितळातले डॉक्टर आणि शिपाई त्यांना मानू लागले. शहाण्यांचे शहर वेड्यांच्या घरी वाट विचारावयास येऊ लागले, असे म्हणा ना!

त्यांत नागपूरकर भोसले घराण्याचे राजे रघुजीराव होते. त्यांचे राज्य १८५४ सालीच इंग्रजांनी खालसा केले होते. तरी नागपुरात राजाचा मान होता. त्यांनी सरकारात अर्ज केला, दोन हजार रुपयांचा जामीन भरला आणि २१ सप्टेंबर १९०८ रोजी बाबांना सोडवून हत्तीवरून वाजतगाजत शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणले. हिंदू राजा, घरात देवघर, कुळाचार, गणपती, महालक्ष्म्या. आणि त्याच वाड्याच्या आवारात एक मुसलमान फकीर. राजाने आपला धर्म सोडला नाही, बाबांनीही सोडला नाही. कुणा हिंदूला त्यांनी धर्म बदलावयास लावले असेही त्यांच्या चरित्रात कुठे येत नाही.

नागपूरच्या मातीला हे अगदीच परके नव्हते. हे शहर वसविले देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, १७०२ च्या सुमारास. आणि तो मुसलमान झालेला होता. पुढे भोसल्यांनी राज्य हाती घेतले, तरी त्या गोंड राजघराण्याला नागपुरातच मानाने ठेवले. दोन्ही धर्म येथे आरंभापासून एका वेशीच्या आत आहेत.

शक्करदऱ्याहून बाबा काही काळाने वाकीला गेले. सावनेर तालुक्यात कन्हानेच्याच काठी हे खेडे आहे. तिथले काशीनाथ पाटील यांनी त्यांना आपल्या शेतशिवारात जागा दिली. वाकीची एक गोष्ट आम्हांला फार आवडते. तिथे बाबांनी जागा नेमून दिल्या होत्या. एका झाडाखालची जागा म्हणजे दवाखाना, एक जागा म्हणजे मदरसा, एक जागा म्हणजे मशीद. ना भिंत, ना छप्पर. रोगी आला की त्याला दवाखान्याच्या झाडाखाली पडून राहावयास सांगावे, परीक्षेत अडकलेला विद्यार्थी मदरशाच्या जागी बसवावा. कुणब्याच्या वावरात, आंब्याच्या सावलीत, ही सारी व्यवस्था! कुठल्या झाडाखाली कुणी बसावे हे दुखण्यावरून ठरे, जातीवरून नव्हे. आपल्या वाळवंटातही उंच-नीच नाही, एकमेकांच्या पायां पडावयाचे, एवढाच नियम. तो पाळणाऱ्याला वाकीची रीत समजावून सांगावी लागणार नाही.

अखेरची काही वर्षे बाबा पुन्हा शक्करदऱ्याला राजांच्या वाड्यात होते. आणि आता, वाचकहो, आम्ही अशा ठिकाणी येतो की जिथे चरित्रकार सहसा भराभर पुढे जातात. आम्ही थोडे थांबणार आहो.

१९२३ साली याच नागपुरात मशिदीपुढून वाद्ये वाजवीत जावे की नाही यावरून तंटा पेटला. सरकारने दिंड्यांना बंदी केली. बंदीविरुद्ध लोकांनी सत्याग्रह केला, तो दिंडी सत्याग्रह म्हणूनच ओळखला जातो. दिंडी! टाळ, मृदंग, वीणा, ज्ञानोबा-तुकाराम, आपला प्राण. एका बाजूला आमची दिंडी अडविली म्हणून संताप, दुसऱ्या बाजूला आमच्या नमाजात टाळ कुटतात म्हणून संताप. आणि त्याच वेळी शक्करदऱ्याला एका राजवाड्यात हिंदू आणि मुसलमान एकाच फकिराच्या पायाशी बसत होते. यांतले कित्येक सकाळी तिथे आणि संध्याकाळी इथे असतील.

१७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांनी देह ठेवला. मयतीला सारे नागपूर लोटले. उमरेड रस्त्यावर ताजबागेत त्यांना दफन केले. तिथेच दर्गा आहे आणि मोहरमच्या २६ तारखेला उरूस भरतो. यानंतर दोनच वर्षांनी, १९२७ च्या सप्टेंबरात, नागपुरात मोठी दंगल झाली. आणि जुन्या गोष्टी कशाला, २०२५ च्या मार्चातही महाल भागात घरे-गाड्या जळाल्या आणि माणूस मेला. ताजबाग तिथून किती लांब? दर्ग्याला लाखो लोक जातात, तरीही असे होते.

यावरून आम्ही एवढेच समजलो की एका उंबऱ्यावर दोन धर्मांची माणसे माथा टेकतात, तेवढ्याने देव एक झाला असे होत नाही. बहुतेकांचे माथे नवसासाठी टेकलेले असतात. पोर होऊ दे, खटला सुटू दे, म्हैस दुभती राहू दे. नवसाचा देव हा ज्याचा त्याचा असतो, तो एक कसा असेल? आपल्या संतांनी नवस-सायासांची थट्टा केली ती उगीच नव्हे. मागण्यावर उभा असलेला भाव मागणे संपले की संपतो, आणि शेजारी पुन्हा परका होतो.

तर मग मूळ शंका. देव एक की दोन?

प्रामाणिकपणे बोलावयाचे तर दोन्ही धर्मांचे सांगणे एक नाही. मुसलमान देवाची मूर्ती मानीत नाही, अवतार मानीत नाही. आणि वारकऱ्याला विटेवरचे ते सगुण रूप डोळ्यांपुढून हलले तर चैन पडत नाही. मुसलमानांतही दर्ग्यावर माथा टेकणे धर्माला सोडून आहे म्हणणारे विद्वान आहेत, आणि आपल्यातही माळकऱ्याने तिथे जाऊ नये म्हणणारे शास्त्री आहेत. हा भेद नाही असे म्हणणे म्हणजे दोघांचाही अपमान. दोन्ही वाटा एकच आहेत, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु वाट वेगळी म्हणून गाव वेगळे, असेही नाही. शाहजहानचा मुलगा दारा शिकोह याने सूफींचे मत आणि वेदान्त यांचा मेळ दाखविणारा ग्रंथ लिहिला आणि १६५७ साली पन्नास उपनिषदे फारसीत आणविली. आपल्याकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद जन्माने मुसलमान, पण त्यांचा योगसंग्राम मराठीत आहे आणि वारकरी त्यांना संतमालिकेत मानतात. नाथांनी हिंदू आणि तुर्क यांच्या वादावर भारूड लिहिले. त्यात दोघे कडाकडा भांडतात आणि शेवटी गळाभेट होते. बाबांच्याच काळात अमरावतीकडचे प्रज्ञाचक्षू गुलाबरावमहाराज (१८८१–१९१५) सगळ्या मतांचा समन्वय कसा लागतो याचेच चिंतन करीत होते. अहमदनगरजवळच्या मेहेरबाबांचे घराणे जरथुष्ट्राच्या धर्माचे. त्यांनी आपले पाच सद्गुरू सांगितले, त्यांत ताजुद्दीनबाबा, शिर्डीचे साईबाबा आणि पुण्याच्या हजरत बाबाजान, त्यांबरोबरच साकोरीचे उपासनीमहाराज आणि केडगावचे नारायणमहाराज आहेत. ज्यांना अनुभव आला ते एकमेकांना ओळखतात. भांडतो तो वाटेवर बसून राहिलेला.

आणि लांब कशाला जावे? तुकोबारायांची पालखी देहूहून निघाली म्हणजे पहिला थांबा कुठे असतो? अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी. तिथे अभंग होतो, आरती होते, मग पालखी पंढरीची वाट धरते. हे फकीर तुकोबांच्या दारी भिक्षेला आले, लेकीने चिमूटभर पीठ घातले आणि कटोरा भरून वाहिला, ही कथा. वारीची सुरुवात जिथे होते तिथे वारकऱ्याची एकनिष्ठा मोडत नाही. मग उमरेड रस्त्यावर ती कशी मोडेल?

नरहरी सोनारांची गोष्ट आठवा. कट्टर शिवभक्त, विठ्ठलाचे तोंड पाहावयाचे नाही म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून देवाच्या कमरेचे माप घेऊ लागले. हाताला लागली शिवाची चिन्हे. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. पुन्हा पट्टी, पुन्हा शिव. कुणी म्हणेल, हरी आणि हर हे घरचेच. अल्लाचे तसे नाही. म्हणणे रास्त आहे. पण ध्यानात घ्या, नरहरींनाही त्या क्षणापर्यंत ते घरचे वाटत नव्हते. पट्टी सुटली ती विठ्ठलाची नव्हे, नरहरींच्या डोळ्यांवरची.

हे सारे आम्ही धापेवाड्याला त्या माळकऱ्याला आमच्या परीने सांगितले. आत जा किंवा जाऊ नका, असे काही सांगितले नाही. ज्याचा भाव जिथे बसतो तिथे तो बसतो, तो ओढूनताणून बसविता येत नाही. त्यांनी आपली माळ, आपली एकादशी, आपला पांडुरंग घट्ट धरावा. त्यात उणे काही नाही. मायच्या एकादश्याही वाया गेलेल्या नाहीत, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. तिने पोरक्या, दगड खाल्लेल्या, सोळा वर्षे कोंडलेल्या एका जिवाला हात जोडले. ते पाहून पांडुरंग रुसेल, असा आमचा पांडुरंग आम्ही ओळखत नाही.

फक्त एक गोष्ट आम्ही त्यांच्याजवळ मागितली. देव एक आहे की नाही याची परीक्षा दर्ग्यात द्यावी लागत नाही. गावात जेव्हा अफवा उठेल, कुणी दगड उचलावयास सांगेल, तेव्हा पलीकडच्या घरातल्या मुसलमानाच्या दारात जाऊन उभे राहावे. त्या दिवशी तुमचा पांडुरंग आणि त्याचा अल्ला एक आहे हे तुम्हांलाही कळेल आणि त्यालाही. कामठीच्या पोरांनी मारलेले दगड बाबा गोळा करीत होते. ते पुन्हा कुणाच्या हाती लागू नयेत म्हणूनच करीत असतील, असे आम्हांला वाटते.

माळकरी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आमच्या पायां पडले, आम्ही त्यांच्या पडलो. पुढच्या खेपेला ते आत गेले की चपला राखीत बाहेरच उभे राहिले, हे आम्ही विचारलेले नाही. मायला ते घेऊन जातात, एवढे ठाऊक आहे.

॥ रामकृष्णहरि ॥